आर्दित अल्लीपुरात आला तेव्हा

वर्धा जिल्ह्यात मी पहिल्यांदा गेले ती एका आल्बेनियन पोराला सोबत घेऊन. पोरगा पेन ड्राइव्हमध्ये होता.

मी सांगलीची. परदेशी चित्रपटांची मराठी उपशीर्षकं लिहिणं, म्हणजे पडद्याच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत जे संवाद उमटतात ते लिहिणं, हा माझा उद्योग. 'डोंगरापलीकडची भाकर' असं मराठी नाव मीच ज्याला दिलं, तो चित्रपट आल्बेनियाचा. हा देश कुठे आहे हे मलाही आधी नकाशात शोधावं लागलं होतं. ग्रीसच्या डोक्यावर, इटलीच्या समोर, सगळा डोंगरच डोंगर.

गोष्ट साधी आहे. आर्दित नावाचा विशीतला पोरगा कामासाठी डोंगर चढून, चोरवाटेने ग्रीसमध्ये जातो. ऑलिव्हच्या बागेचा मालक पहिल्याच दिवशी म्हणतो, "हे नाव इथे चालणार नाही. आजपासून तू यान्नी." पुढे कितीतरी वर्षं तो यान्नी म्हणूनच राबतो. अर्धवट बांधलेल्या इमारतीत झोपतो आणि आईला फोनवर सांगतो, मी मजेत आहे. एके दिवशी त्याच्या गावचा मित्र बांधकामावरून पडतो. ठेकेदार म्हणतो, त्याला दवाखान्याच्या फाटकात टाक आणि पळ, नाहीतर तूही पकडला जाशील. आर्दित पळत नाही. आतली नर्स विचारते, "तुझं नाव काय?" आणि तो खरं नाव सांगतो. पुढे त्याचं काय होतं, हे चित्रपट दाखवत नाही.

हा चित्रपट आम्हाला पाहायचाय असं म्हणणारा फोन पुण्यामुंबईहून येईल अशी माझी समजूत होती. तो आला हिंगणघाटहून. "ताई, मी किशोरभाई बोलतो. कपड्याचं दुकान हाय आपलं. आमचं एक छोटंसं चित्रपट मंडळ हाय. तुमी पिच्चर घेऊनच या नं. तीन ठिकाणी दाखवू. तुमी दोन शब्द बोलजा."

जानेवारीचे दिवस होते. मी गेले.

हिंगणघाट

वर्ध्याहून हिंगणघाटकडे जाताना रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसला. पुढे जाणाऱ्या ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस काट्यांत अडकून राहिलेला. आमच्या बाजूला या दिवसांत उसाची चिपाडं रस्त्यावर असतात. ऊस जाताना रस्त्यावर घाण करून जातो, कापूस झाडांना सजवून जातो.

किशोरभाई साठीचे, गोल चेहऱ्याचे, सतत हसणारे. बसस्टँडवरून थेट त्यांनी मला तर्रीपोह्यांच्या गाडीवर नेलं. पोह्यांवर लाल रस्सा ओतून खायचे हे मला ठाऊक नव्हतं. गाडीवाल्याने विचारलं, "सांभार टाकू का?" मी घाबरून म्हटलं, "नको हो, आधीच एक रस्सा आहे." किशोरभाई हसून हसून लाल झाले. सांभार म्हणजे कोथिंबीर. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्या घासाला मी दुसरी प्लेट सांगितली.

"आमचे पणजोबा राजस्थानातून आलते," खाता खाता किशोरभाई म्हणाले. "आता मी तिकडं लग्नाले गेलो का तिकडचे म्हणते, ये मराठी आ गया. इथं भांडण झालं का लोकं म्हणते, तू बाहेरचा. म्हणून मले हा पिच्चर आवडला, ताई. त्या पोराले जे झालं ते आमच्या पणजोबाले झालंच असन. त्यायचा पिच्चर कोणी काढला नाई, एवढंच."

पहिला खेळ वणा नदीच्या बाजूच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, गोदामात होता. रविवार असल्यामुळे यंत्रं बंद होती. कापसाच्या गाठींवर पांढरी चादर ताणून पडदा केलेला. माणसं गाठींवरच बसली, आणि त्याहून गुबगुबीत आसनावर बसून चित्रपट पाहिलेला प्रेक्षक मी तरी पाहिलेला नाही. मध्यप्रदेशातून कामाला आलेले मजूर होते, गावातले दुकानदार होते, दोन शिक्षिका होत्या. आर्दित कमरेएवढ्या पाण्यातून नदी पार करत असताना प्रोजेक्टर बंद पडला. हवेतलं कापसाचं तूस पंख्यात जाऊन बसलं होतं. पोरगा नदीच्या मधोमध, आणि अंधार.

"अबे, बाहेर काढा त्याले, थंडी वाजून राह्यली असन!" अंधारातून कोणीतरी ओरडलं.

तेव्हा एक उंच, सडपातळ माणूस पुढे आला. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याने मशीनची जाळी पुसली, फुंकर मारली, आणि आर्दित पलीकडच्या काठाला लागला. हे मनोहरभाऊ. किशोरभाईंचे शाळेपासूनचे दोस्त, अल्लीपूरला शेती. कापूस, तूर, सोयाबीन.

खेळ संपल्यावर चहा घेताना ते माझ्याजवळ आले. "मॅडम, पिच्चर लय चांगला हाय. पण उद्या आमच्या गावात तुमी जरा खुलून सांगा."

"काय सांगू?"

"हेच, का बाहेर गेलं का मानसाचे असे हाल होते. नाव जाते, गाव जाते, जेवाचे वांधे. पोरीनं तं जाऊच नाई."

मी किशोरभाईंकडे पाहिलं. ते बशीत तोंड घालून हसत होते. "ताई, आता तुमाले सांगूनच टाकतो. हा सगळा तामझाम एका पोरीसाठी हाय."

मनोहरभाऊंची एकुलती एक मुलगी पल्लवी वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिला जर्मनीत नोकरी मिळाली होती. भाषेची परीक्षा पास झाली होती, एप्रिलमध्ये जायचं ठरलं होतं. वडिलांना ते मान्य नव्हतं. रागावून पाहिलं, गप्प राहून पाहिलं. मग किशोरभाईंकडे या चित्रपटाची गोष्ट कानावर आली, आणि त्यांना वाटलं, हा एकदा तिला दाखवला की काम झालं.

"मनोहरभाऊ, मी फक्त भाषांतर करते," मी म्हटलं. "चित्रपट जे सांगतो त्याच्यावर माझं काही जोडत नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "ठीक हाय. पिच्चर सांगनच."

मुलीला घरात कोंडणारे, तिचा पासपोर्ट लपवणारे बाप मी ऐकून आहे. तिला अडवायला जगाच्या दुसऱ्या टोकाचा चित्रपट गावात आणणारा बाप मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या हेतूशी माझं पटत नव्हतं. माणूस मात्र त्याच क्षणी आवडला.

अल्लीपूर

मनोहरभाऊंच्या घरी बैठकीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. छतापर्यंत कापूस भरलेला. भाव वाढेपर्यंत तो तिथेच राहणार होता. टीव्हीपुरता एक कोनाडा कोरून ठेवला होता, त्यामुळे बातम्या सांगणारी बाई ढगातून बोलल्यासारखी वाटायची.

अंगणात शोभाताई, मनोहरभाऊंच्या पत्नी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजत होत्या. कणकेचे मोठे गोळे, एकात एक पापुद्रे घातलेले, वरून काळपट, आतून मऊ. फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. मी तिखट सोसत नाही म्हणून त्यांनी माझ्यासाठी भाजी वेगळी काढली होती. तीही मला तिखट लागली, पण ते मी सांगितलं नाही. शोभाताई फार कमी बोलत. वाढायचं, बघायचं, पुन्हा वाढायचं.

जेवणं आटोपत असताना पल्लवी स्कूटीवरून आली. चोवीस-पंचवीसची, बुटकी, ठसठशीत. कानात इअरफोन, तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालूच. आई म्हणाली, "हे दिवसभर असंच चालते. देर, दी, दास."

"आई, जर्मनमध्ये टेबल पुरुष असते, अन् दरवाजा बाई. अन् मुलगी नपुंसकलिंगी."

शोभाताईंनी रोडगा उलटवत क्षणभर विचार केला. "मंग तं आपल्यासारखेच लोकं हायेत. आपणबी म्हणतो नं, ते लेकरू."

पल्लवी माझ्या शेजारी येऊन बसली. वडील हात धुवायला गेल्याचं पाहून हळूच म्हणाली, "ताई, बाबांनी तुमाले माह्यासाठी आणलं नं?"

मला ठसका लागला. या वेळी तिखटाचा नव्हता.

"मले माहीत हाय. पण मी नाई येत पिच्चरले. ड्यूटी लावून घेतली मुद्दाम. भेव वाटते म्हणून नाई. पाहता पाहता मले रडू आलं, तं बाबाले वाटन, जिंकलो." आणि दोन रोडगे डब्यात घेऊन ती वर्ध्याला निघून गेली.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात खेळ होता. डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष, मधून येण्याजाण्यापुरती वाट. गर्दी चांगली होती. चित्रपट सुरू झाला आणि लगेच घोटाळा झाला. किशोरभाईंनी कोणाकडून तरी आणलेल्या नव्या लॅपटॉपला मराठी अक्षरं उमटवता येत नव्हती. आर्दित बोलला की पडद्याखाली नुसते चौकोन. एक चौकोन, दहा चौकोन, प्रश्नचिन्ह.

दुसरा उपाय नव्हता. मी माइक घेतला आणि पाठ असलेले संवाद पडद्याबरोबर बोलत सुटले. थोड्याच वेळात पुढच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "बाई, जरा सावकाश सांगा. अन् आपल्या भाषेत सांगा नं!"

मी तर मराठीतच बोलत होते. मंडपात हशा पिकला. मनोहरभाऊ उठले, पुजाऱ्याचा माइक हातात घेऊन माझ्या बाजूला उभे राहिले. "तुमी मले सांगा, मी त्यायले सांगतो."

मग जे झालं ते मी आजवर कोणत्याही महोत्सवात पाहिलेलं नाही. मी वाक्य म्हणायची, आणि ते वऱ्हाडी होऊन मंडपात जायचं. ग्रीक मालक म्हणाला, "हे नाव इथे चालणार नाही." मनोहरभाऊंनी गुरांच्या बाजारातल्या दलालासारखा आवाज काढला, "हे नाव इथं चालत नाई बाबू. आजपासून तू यान्नी. समजलं का?" पुरुष खदखदून हसले. आर्दितचा मित्र त्याला भाकरीचा अर्धा तुकडा देतो, तिथे मी काही सांगायच्या आधीच ते म्हणाले, "घे रे, मले भूक नाई." मूळ संवाद वेगळा होता. हा जास्त चांगला होता.

मग फोनचा प्रसंग आला. गिलावा न केलेली खोली, सिमेंटच्या पोत्यांवर अंथरूण, खिडकीला काच नाही. आर्दित कुडकुडतो आहे आणि आईला फोन लावतो.

मी म्हटलं, "आई, मी मजेत आहे."

"माय, मी मजेत हाय," मनोहरभाऊ म्हणाले.

"इथे रोज पोटभर जेवण मिळतं. थंडी अजिबात नाही."

"इथं जेवाले लय भेटते माय. थंडी..." त्यांनी दुपट्टा खांद्याभोवती ओढला. "थंडी बिलकुल नाई."

पडद्यावर आई विचारते, तू जेवलास का? मी ते सांगितलं. मी वळून पाहिलं. मनोहरभाऊ माइक तोंडाशी धरून उभे होते, ओठ हलत होते, आणि आवाज फुटत नव्हता. मंडपातले सगळे पडद्याऐवजी त्यांच्याकडे पाहू लागले.

तेवढ्यात बायांच्या बाजूने, माइकशिवाय, खणखणीत आवाज आला, "जेवला का रे बाबू?"

शोभाताई होत्या. दिवसभरात मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. तिथून पुढे चित्रपटभर आईचे संवाद त्यांनीच म्हटले, जागेवर बसून, पदर नीट करत. मुलाचे संवाद नवऱ्याने. मंडपाच्या दारात, खांबाला टेकून, हेल्मेट हातात घेऊन पल्लवी उभी होती. ती कधी आली, मला कळलं नाही. चित्रपट संपायच्या आधी ती निघूनही गेली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही.

दिवे लागल्यावर चर्चा. अशा वेळी बहुतेक ठिकाणी जो तो घड्याळ पाहतो. इथे 'सावकाश सांगा' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनीच तोंड फोडलं. "सगळं समजलं. पण नाव बदललं म्हणून तो एवढा काऊन रडला? आमचं तं लग्नात बदलते. आमी कुठं रडलो?"

"रडलो नं काकू," मागून एक बाई म्हणाली. "मांडवात सगळंच रडणं चालू असते. त्यातच हेबी रडून घेतलं."

बायांमध्ये आधी हसू पसरलं. मग एकीने आपलं माहेरचं नाव सांगितलं. दुसरीने सांगितलं. इंदू, बेबी, गिरजा, चंद्रकला. काहींच्या शेजारणींनाही ती नावं माहीत नव्हती. त्या एकमेकींना कोपरांनी ढोसत होत्या. शोभाताई म्हणाल्या, "माह्यं सुखवंती होतं."

मनोहरभाऊ कोपऱ्यात वायर गुंडाळत होते. त्यांचा हात थांबला. बायकोचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण त्यांनी ते फार वर्षांत ऐकलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी चहा घेताना मी शोभाताईंना त्याबद्दल विचारलं. त्यांचं माहेर मध्यप्रदेशात, मुलताईच्या बाजूच्या एका गावात. घरची बोली वेगळी, शाळा हिंदी. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा इथलं बोलणं डोक्यावरून जायचं. काही मागायला तोंड उघडलं की सासरचे हसायचे. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण त्यांनी तोंड उघडणंच कमी केलं.

"पहिलं वर्ष मी मुकीच होती समजा," त्या म्हणाल्या. "यायले वाटे, सून लय गरीब सोभावाची भेटली. गरीब कायची बाई! मले बोलताच येत नवतं."

"मग पल्लवीची तुम्हाला भीती नाही वाटत?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "वाटते नं. पण मले कोणी इचारलं नवतं, तुले तिथली भाषा येते का म्हणून. तिची तं जर्मनीवाल्यायनं परीक्षा घेतली. ती शिकून चालली. मी न शिकता आलती."

आष्टी

तिसरा मुक्काम जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. किशोरभाईंच्या गाडीत आम्ही पाच जण होतो. शोभाताईंची धाकटी बहीण आष्टीत दिली आहे, त्यामुळे त्या येणार हे आधीच ठरलं होतं. पल्लवी ऐन वेळी गाडीत येऊन बसली. "मावशीले भेटाचं हाय," एवढंच म्हणाली. मनोहरभाऊ आनंदले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

आर्वी मागे पडली की जमीन बदलते. सपाट काळं रान संपून चढउतार सुरू होतात, आणि मग संत्र्यांच्या बागा. फांद्या फळांनी इतक्या वाकलेल्या की खाली बांबूचे टेकू दिलेले. मावशींच्या घरी जेवणाआधी संत्री, जेवणानंतर संत्री, आणि निघताना पिशवीत संत्री. आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतात. इथे विचारत नाहीत, सोलूनच हातात देतात. नाही म्हणायला तोंड मोकळं राहत नाही.

आठवडी बाजाराचा दिवस होता. खेळ दुपारी, एका सभागृहात, खिडक्यांना ताडपत्री लावून. बेचाळीसच्या लढ्याने हे गाव ओळखलं जातं, आणि समोर बसलेले लोक उगाच टाळ्या वाजवणारे वाटत नव्हते. बाजाराच्या पिशव्या पायाशी ठेवून ते आले होते. एकीच्या पिशवीतून कोंबडी मधूनमधून संवाद म्हणत होती. या वेळी अक्षरं नीट उमटली. पल्लवी माझ्या शेजारी बसली होती. तिने पूर्ण चित्रपट पाहिला आणि एकदाही डोळे पुसले नाहीत. मनोहरभाऊ चित्रपट कमी आणि तिच्याकडे जास्त पाहत होते.

संपल्यावर पहिला प्रश्न आला, "या पिच्चरले शेवट काऊन नाई?" मी काही उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मावशीकडच्या नात्यातले एक गृहस्थ उभे राहिले. "ते जाऊ द्या. मनोहरभाऊ, तुमची पोरगी जर्मनीत चालली म्हणते. मंग तुमी हा पिच्चर गावोगाव दाखवून काऊन राह्यले?"

मनोहरभाऊ उठले. या क्षणी ते काहीही सांगू शकले असते. प्रबोधन म्हणाले असते तरी खपलं असतं.

"तिनं जाऊ नाई म्हणून," ते म्हणाले.

लोक हसले. तेही थोडे हसले. मग मुलीकडे वळले. "आता पाह्यला नं तू? सांग तुह्यं."

पल्लवी उभी राहिली. "बाबा, मी त्या पोराले पाह्यलंच नाई. मी पूर्ण वेळ त्या नर्सची वाट पाहत होती. तुमीच म्हणत होते नं घरी, शेवटी एक नर्स हाय म्हणून. एक तं तिनं हात न धुता पट्टी बांधली." पुन्हा हशा. "पण तिनं नाव इचारलं. इतक्या वर्षांत त्याले कोणीच इचारलं नवतं. तुमी म्हणता तिकडं आपलं कोणी नाई. बरोबर हाय. तसे लोकं तिकडच्या दवाखान्यातबी येत असन. मी इचारन त्यायले."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण कोणी वाजवल्या नाहीत, कारण मनोहरभाऊ अजून उभेच होते.

"अन् तुले कोण इचारन?" त्यांनी विचारलं.

त्यात राग नव्हता. तीन दिवस मी या माणसाबरोबर होते. भाषणं, भीती, चित्रपट, या सगळ्याच्या खाली एवढाच प्रश्न होता, हे मला तेव्हा कळलं.

"माहीत नाई, बाबा," पल्लवी म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरले.

"मी इचारन," शोभाताई म्हणाल्या. त्या बहिणीशेजारी बसल्या होत्या, उठल्या नाहीत. "रोज इचारन, जेवली का म्हणून. पण तू त्या पोरासारखं खोटं सांगू नको. जेवली नसन तं जेवली नाई म्हणजो. रडू येत असन तं रडजो. आमी आयकू."

मनोहरभाऊंनी बायकोकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसले आणि किशोरभाईंना म्हणाले, "ताडपत्री काढ गा. अंधार लय झाला."

बाहेर बाजार ऐन भरात होता. मनोहरभाऊ कुठेतरी गायब झाले. आले ते हातात लोकरीच्या मोज्यांचे जोड घेऊन. कुठल्यातरी दुकानदाराकडे असतील नसतील तेवढे उचलले होते, लाल, हिरवे, एक जोड तर लहान मुलांचा.

"बाबा, तिकडच्या थंडीत हे पुरत नाई," पल्लवी म्हणाली.

"विमानात घालजो."

संमती म्हणून जे काही होतं ते एवढंच. किशोरभाईंनी मला डोळ्याने खूण केली आणि आम्ही दोघं उगाचच संत्र्यांचा भाव विचारत पुढे सरकलो.

मला त्याच संध्याकाळची गाडी वर्ध्याहून पकडायची होती. बाकीचे तिघे मावशीकडे राहणार होते. निरोप घेताना मनोहरभाऊंनी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथून मुलताई किती दूर असन?"

"मले काय इचारता?" शोभाताई म्हणाल्या. "तुमी कधी राहाले आले का तिथं? दारात सोडाले आले, दारातून न्याले आले."

त्यावर पुढे काय झालं, हे मला सांगलीत पोचल्यावर चार-पाच दिवसांनी कळलं. मनोहरभाऊंचाच फोन. मागे म्हशी रेकत होत्या, कोणीतरी माझ्या ओळखीच्या नसलेल्या बोलीत जोरजोरात बोलत होतं. "ताई, सासुरवाडीत हाय मी. तीन दिवस झाले. हे लोकं काय बोलून राह्यले, अर्धं समजत नाई. मी बोललो का पोरं हसते."

"मग काय करता?"

"चूप बसतो," ते म्हणाले. "इथं सगळे म्हणून राह्यले, सुखवंतीचा घरवाला लय गरीब सोभावाचा हाय."

त्यानंतर माझं बोलणं शोभाताईंशीच जास्त होतं. आता फोनवर त्या थांबत नाहीत. पल्लवी एप्रिलमध्ये गेली. नागपूरच्या विमानतळावर सगळे सोडायला गेले होते. किशोरभाईंनी जमलेल्या सगळ्यांना पेढे वाटले, अनोळखी माणसांनासुद्धा. मनोहरभाऊ काचेला नाक लावून उभे होते आणि पोरगी सामान ढकलत आत चालली होती.

"तिनं मांगं वळून पाह्यलं का?" मी विचारलं. तोपर्यंत माझ्याही तोंडात वऱ्हाडी शब्द बसू लागले होते.

"नाई पाह्यलं. यायले लय वाईट वाटलं. म्हणे, कशी पोरगी हाय, एकदाबी वळली नाई." शोभाताईंनी आवाज खाली आणला. "मीच सांगतलं होतं तिले, वळू नको म्हणून. लग्न होऊन मी आलती तेव्हा जीपच्या मांगच्या बाजूनं बसली होती. पूर्ण रस्ता गावाकडं तोंड करून आली. मंग महिनाभर मले अन्न गेलं नाई. तिले म्हटलं, तू समोर तोंड करून जाजो."

"आणि पोचल्यावर?"

"पोचली अन् पह्यला फोन केला. म्हणे, आई, जेवली नाई, रडू येऊन राह्यलं." त्या हसल्या, आणि त्या हसण्यात मी ऐकलेलं सगळ्यात मोठं समाधान होतं. "मले इतकं बरं वाटलं ताई, का काय सांगू. खरं बोलली."